बंड्याची पहिली दिवाळी

नरक चतुर्दशीच्या पहाटे गजानन टिपऱ्यांनी अभ्यंगस्नान करून बाथरूमचं दार उघडलं आणि लगेच लावलं. बाहेर त्यांचा पाळीव बिबट्या, बंड्या, दात दाखवत उभा होता.

बंड्याला विकणाऱ्या कंपनीने त्याच्या मेंदूत घरातल्या तिघांचे वास बसवून दिले होते. त्या वासाची माणसं आपली, बाकी सगळं मांस. माहितीपत्रकात उटण्याचा उल्लेख नव्हता.

"अगं, हा मला ओळखत नाहीये," टिपरे आतून म्हणाले.

"मलाही नाही," कुमुदताई म्हणाल्या. "मी चकल्यांसकट स्वयंपाकघरात कोंडून घेतलंय."

उरला मुलगा, निनाद. दर दिवाळीला 'नरकात जाशील' हे ऐकत पारोशानेच फराळ करणारा. बंड्याला पिंजऱ्यात नेणं आता फक्त त्यालाच जमणार होतं.

"निनाद, बाळा," कुमुदताई बावीस वर्षांत प्रथमच असं म्हणाल्या, "ऊठ, पण अंघोळ करू नकोस."

पलीकडच्या बाथरूमची कडी वाजली.

"झाली की, आई. उटणंसुद्धा चोळून लावलंय. यंदा तुला बोलायला जागाच ठेवली नाही."

टिपऱ्यांनी वाकून दाराखालच्या फटीतून पाहिलं. बंड्याचे पंजे सावकाश वळत होते.