लेसोची गाठ

“डॉक्टर, माझी बुबुळं शंकूसारखी झाली ती माझ्या चोळण्यानं, की घराण्याच्या कृपेनं?” मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून म्वेंडेनं आईबाबांसमोरच विचारलं.

“चोळण्यानंच! सांगा हिला!” आई कडाडली. गेले दोन महिने ती टीव्हीसमोर म्वेंडेचे हात आपल्या खांद्यावरच्या लेसोनं, म्हणजे पांघरायच्या रंगीत सुती कापडानं, बांधून ठेवत होती.

डॉक्टर मुतिसो हसले. “दोन्हीनं. चोळलं की अश्रूंमध्ये जळजळ वाढवणारी प्रथिनं वाढतात आणि केलेला उपचार फुकट जातो. तुझी प्रथिनं मात्र आता कमी झालीत, पोरी. डोळे वाचले!”

आईबाबांना भरून आलं. दोघांनीही मुठी वळल्या आणि आपापले डोळे खसाखसा चोळले.



म्वेंडेनं आईचा लेसो ओढला. “ठरलं! आजपासून टीव्हीसमोर तुम्हा दोघांचे हात मी बांधणार!”