मूळ आवाज

"बाकी कायबी नको, तेवढं एक दे," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी हळद लावते, ती कायतरी बोलती, मी बोलते अन् ती हसती. तेवढंच."

हरिओमला ते दृश्य शोधावं लागलं नाही. झरी गावच्या बबिताच्या लग्नात सगळ्यात छान तेच उतरलं होतं. संथ गती, भोवती गुलाबांची वेल, वर सिनेमाचं गाणं. दिवाळीपर्यंत स्टुडिओच्या जाहिरातीत त्यानं तेच लावलं होतं. दिवाळीनंतर बबिता सासरच्या विहिरीत सापडली, मग काढून टाकलं.

"व्हिडिओ तर तुमच्याकडं हायच की, मावशी."

"त्याच्यात नुसती गाणी. पोरगी तोंड हलवती, आवाज न्हाई." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आवाज ऐकायचाय मला तिचा."

"तिचा फोन पोलिसांनी नेलाय," दाराजवळच्या स्टुलावरून त्यांचे यजमान सिताराम म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "दुसरीकडं कुठंच न्हाई ओ."

हरिओमनं हार्ड डिस्कचा खोका ओढला. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर गाव आणि नवरीचं नाव. लग्नसराई तोंडावर आली होती. झरीची डिस्क तो येत्या आठवड्यात पुसणार होता. त्यानं ती जोडली. ती बारीक गुणगुणायला लागली.

खरं म्हणजे ते बोलणं त्यानंही कधी ऐकलं नव्हतं. लग्नाचं शूटिंग कम्प्युटरवर घेतलं, की मूळ आवाज बंद करायचा, हे पहिलं काम. डीजे, रडणारी पोरं, जेवायला बसा, चप्पल कुणी नेली. त्यातलं कुणाला काय हवंय?

त्यानं गाणं काढलं.

संथ गती काढली.

गुलाब काढले.

पडदाभर चित्र मोकळं झालं. बबिताचा हळदीचा चेहरा, भुवईतला केस न केस वेगळा. गालावर आईचा हात.

धाड धाड धाड आई धाड धाड धाड धाड धाड येतंय धाड

कस्तुराबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आई म्हन्ली. ओ, ऐकलं का? आई म्हन्ली."

सिताराम उठून खुर्चीमागं आले. "डीजे कमी कर की गड्या. अर्धवट काम काय करायलास?"

हरिओमनं हेडफोन चढवला. खालचे जाड आवाज दाबत गेला.

धाड आई धाड परवा धाड धाड मारलं धाड अजून धाड येतंय

अजून दाबले. मग सगळंच आलं.

त्यानं ते दोनदा ऐकलं. ऐकून झाल्यावरही हेडफोन काढला नाही. कानावर हेडफोन असला की माणसं जरा थांबतात.

"निघालं का?"

"न्हाई निघत, मावशी. डीजे लय हाय. आई म्हन्ली ना, तेवढं साफ आलंय. तेवढं देतो पेनड्राइव्हमधी."

"खोटं बोलायलास." कस्तुराबाई त्याच्याकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही. "तोंड बघायले मी तुझं."

सितारामनी हात लांब केला आणि हेडफोनची वायर उपसली. दृश्य परत परत फिरत होतं; आवाज स्पीकरवर आला.

आई, त्यानं परवा बाजारात मारलं मला. लय भ्या वाटायलंय. अजून मोडता येतंय, आई.

हस. शूटिंग चालू हाय.

आणि बबिता हसली. संथ गतीत ते हसू गाण्याची अख्खी ओळ पुरलं होतं. आता आलं आणि गेलं.

"तुला सांगितलं व्हतं तिनं?" सितारामचा आवाज चढला. "अन् माझ्या कानावर एक शब्द घातला न्हाईस? मोडून टाकलं असतं मी. मांडवातनं घालवून दिलं असतं त्यांना! तू आई का कोण गं? तुला—"

 कस्तुराबाईंनी हात उचलला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मघाशी जिथं गुलाबांची वेल होती, तिथं.

हरिओमनं दृश्य मागं नेऊन पुन्हा लावलं.

बबिताच्या खांद्यामागं, हातभर अंतरावर, एक माणूस हळदीची वाटी घेऊन उभा होता. नवी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. 'मारलं' म्हणताना त्याची मान पोरीकडे वळली. पोर शेवटचं 'आई' म्हणेपर्यंत ती तशीच राहिली. मग त्याला समोर कॅमेरा दिसला. त्यानं टोपी सरळ केली आणि तोही हसला.

डिस्क गुणगुणत राहिली.

सितारामनी त्या कोपऱ्यातल्या टोपीकडे बघितलं. मग हातातली तीच टोपी घडी करून खिशात घातली.

"दादा," ते हरिओमला म्हणाले, "ते गाणं लावा परत." थोड्या वेळानं म्हणाले, "अन् ती गुलाबं."