छावणीतला चोर

“मॅडम, चोर सापडला!” रखवालदार बोंचो तटावरूनच ओरडला.

झोर्नित्सा तेव्हा व्हिएन्नाहून आलेल्या प्राध्यापकांना रोमन सैनिकांच्या बराकींचे पाये दाखवत होती. खाली डॅन्यूब संथ वाहत होती. पलीकडे रानटी टोळ्या, अलीकडे ही छावणी, आणि एवढ्या मोठ्या साम्राज्याची उत्तरेची हद्द म्हणजे मधलं हे पाणी, असं ती सांगत होती. उत्खननाची प्रमुख तीच. पुढचं काम होणार की नाही, ते आजच्या पाहुण्यांच्या हातात होतं.

बोंचोने एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आणलं. म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. त्याच्याकडचं धातू शोधायचं यंत्र आता बोंचोच्या खांद्यावर होतं.

ते तिचे वडील होते.

बोंचो नवा. त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. “कोपऱ्यातल्या बुरुजापाशी गुडघाभर खणलंय,” तो म्हणाला. “विचारलं तर म्हणतो, खायला गोगलगायी वेचत होतो. यंत्र लावून गोगलगायी शोधतोय लेकाचा! लोखंडाची शिंगं असतील त्यांना!”

काय झालं म्हणून प्राध्यापक हाफनरांनी विचारलं. झोर्नित्साने सगळं जर्मनमध्ये सांगितलं. लोखंडाची शिंगंसुद्धा वगळली नाहीत. पाहुणे खो खो हसले. तीही हसली.

“बोलण्यावरून तुमच्याच बाजूचा वाटतो, मॅडम,” बोंचो म्हणाला. “ओळखता का?”

वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ते नदीकडे बघत राहिले.

“नाही,” ती म्हणाली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पाहुण्यांची नजर तिच्यावरच होती. “असल्या लोकांनीच अर्धी छावणी उकरून विकून खाल्ली,” ती म्हणाली, आणि पाहुण्यांना तेही भाषांतर करून सांगितलं.

“खरं आहे बाईंचं,” वडील म्हणाले. “चुकलंच माझं.”

पोलिसांची गाडी येईपर्यंत तिने धान्याचं कोठार दाखवलं, पाव भाजायची भट्टी दाखवली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. तिकडे गाडीत बसण्याआधी वडील दगडावर बूट आपटून चिखल झाडत होते. सीट खराब होऊ नये म्हणून. एका पोलिसाने “चल, चल” म्हणत त्यांना आत ढकललं.

“कडक आहात,” हाफनर म्हणाले. “अशीच माणसं हवीत.”

जेवताना त्यांनी काम मंजूर झाल्याचं सांगितलं. झोर्नित्साने सगळ्यांच्या पेल्यांत राकिया, तिकडची फळांची दारू, ओतली. तिच्यापुढचं माशाचं सूप तसंच निवलं.

पाहुण्यांना वाटेला लावून ती पोलीस ठाण्यावर गेली. ऊन अजून उतरलं नव्हतं. यंत्र ठेवून घेऊन त्यांनी वडिलांना समज देऊन सोडलं होतं. ते बाहेरच्या पायरीवर बसले होते. हात धुतलेले, पण नखांत माती तशीच. सकाळचा तो पोलीस वरच्या खिडकीत सिगारेट ओढत उभा होता.

तिने गाडी पायरीला लावली आणि काच खाली केली.

“बाबा, बसा,” ती कशीबशी म्हणाली.

वडिलांनी वर खिडकीकडे पाहिलं. मग लगबगीने उठले आणि टोपी काढून हातात घेतली.

“नको, नको, बाईसाहेब,” ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले. “मी जाईन बसने. तुम्ही कशाला तसदी घेता?”

मग वाकून, रस्ता सांगितल्यासारखं पुढे बोट दाखवत, हळूच म्हणाले, “चर्चच्या पलीकडे थांब, पोरी. तिथे कुणी नसतं. मी येतो चालत.”

खिडकीतला पोलीस खाली बघत होता. तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

मग तिने काच वर केली, गाडी सुरू केली, आणि चर्चच्या पलीकडे जाऊन थांबली.