बाजूची खोली

जयवंतानं अंगठा पदराखाली घेतला, तो काही केल्या बाहेर काढेना.

"आये, लाव ना गं! मशीन बंद पडेल," राजेश वैतागला. शेलूतली आठ खोल्यांची चाळ त्यानं बांधली, भाडी त्यानं ठरवली, पण जागा आईच्या नावावर. भाडेकरार करायचा तर अंगठा तिचाच हवा. एजंट स्वप्नील मशीन मांडीवर घेऊन ताटकळला होता.

राजेशचा एक नियम होता. अकरा महिने झाले की भाडेकरूला काढायचं नाही, फक्त बाजूच्या खोलीत हलवायचं. खोली नवी, करार नवा. माणूस एका जागी फार राहिला की हक्क सांगायला लागतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. काढलं नाही म्हणजे वाईटपणा नाही. गोड बोलून गाठोडं उचलायला लावायचं. लोक मुकाट उचलत. बोलणार कोण?

या खेपेला संजना बोलली. तिच्या नवऱ्याचा, योगेंद्रचा, एक पाय कारखान्यात गेला होता. मोरीत उठता-बसता यावं म्हणून तिनं भिंतीत लोखंडी दांडा बसवून घेतला होता. त्याला धरून तो आता कुणाच्या आधाराशिवाय आंघोळ करत होता.

"दादा, भाडं वाढवा, पण खोली नका बदलू. ह्यांना इथला अंदाज आलाय. बाजूला जाऊन पुन्हा पडले तर?"

"आज दांडा ठोकलास, उद्या दारावर पाटी ठोकशील," राजेश म्हणाला.

स्वप्नीलनं तोडगा काढला. "मावशी, मग करारच नको. महिन्या-महिन्यावर ठेवा. राहू द्या त्याच खोलीत. वाटलं की पुढच्या पहिलीला बाहेर!"

दारात उभ्या संजनाचा चेहरा उतरला. जयवंतानं तो पाहिला.

"महिन्यावर नाय नि अकरा महिन्यांवर पन नाय. तीन वर्सांचा लिही. हीच खोली. तवा लावते अंगठा."

"येडी झालीस काय?" राजेश ताडकन उठला. "तीन वर्षांनी उठणार हाय का ती? जागा गिळंल आपली! बापजाद्यांची जमीन हाय ही!"

"बापजाद्यांची?" जयवंता हसली, पण डोळ्यांत आग होती. "सावकाराची होती रं. तुझा आजा त्याचं कूळ. कुळानं हक्क सांगू नये म्हणून सावकार त्याला दर सालाला हलवायचा, या खाचरातनं त्या खाचरात. एका सालाला आजा इथंच नांगर धरून उभा ऱ्हायला. लय मारला त्याला. मरेस्तोवर पाठीवरचे वळ दाखवायचा."

तिनं पदराखालून अंगठा काढला आणि राजेशच्या नाकासमोर धरला.

"पन हलला नाय. म्हनून आज तू मालक."