दिघ्याचं गिऱ्हाईक

उदयसिंहनं स्क्रू काढून जुना मदरबोर्ड कॅबिनेटमधून अलगद उचलला आणि फरशीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दमयंतीनं दार उघडलं. बाहेर प्रणय उभा होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"दमयंती, पानी दे गो आधी," म्हणत तो आत आला, आणि हॉलच्या मधोमध उघडा पडलेला कॉम्प्युटर बघून जागीच थांबला.

दमयंतीचा नवरा जयदेव सोफ्यावरून उठला. हा कॉम्प्युटर प्रणयनंच याच फरशीवर मांडी घालून जोडून दिला होता. जयदेव, दमयंती आणि प्रणय, तिघंही दिवाळे गावचे, एकाच आळीत वाढलेले. नोकरी लागल्यावर जयदेव दमयंतीला घेऊन वाशीला फ्लॅटमध्ये आला. प्रणय गावातच राहून कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करू लागला. या मशीनला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आजपर्यंत.

"हे उदयसिंह," जयदेव म्हणाला. "नाक्यावरच्या दुकानातले. पेंटियम टाकतायत. म्हटलं, अजून किती दिवस..."

होळीपासून प्रणय सांगत होता, "थांब जरा. चांगला बोर्ड मिलला का मीच घेऊन येतो. मी हाय ना." आता गणपती तोंडावर आले होते. दमयंती घरी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका टाइप करून द्यायची. जुनं मशीन एकेक पान दाखवायला इतका वेळ घ्यायचं, की मंडळाची पोरं सोफ्यावर पेंगायला लागायची. "एकदा प्रणयदादाला फोन तरी करा," ती म्हणाली होती. "तो आजचं उद्याच करणार," म्हणून जयदेवनं केला नव्हता.

"बरा केलास," प्रणय म्हणाला. "काम अडाया नको."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पिशवी पायाशी ठेवताना तिचं तोंड उघडलं आणि आतल्या खोक्याचा कोपरा जयदेवला दिसला. उदयसिंहनं नुकतंच रिकामं केलेलं नव्या बोर्डाचं खोकं टेबलावर पडलं होतं. तसंच चपटं, तेवढंच. जयदेव बघतोय हे लक्षात येताच प्रणयनं पिशवी पायानं खुर्चीखाली सारली.

उदयसिंहचा हात चांगला होता. त्यानं प्रोसेसर बसवला, वर पंखा लावला, नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये घट्ट केला. मग त्याचा पेजर वाजला. दुकानातून बोलावणं होतं. त्यानं जयदेवच्या फोनवरून दोन शब्दांत उत्तर दिलं आणि घाईघाईनं परत येऊन पॉवरच्या वायरींच्या दोन पट्ट्या बोर्डावर दाबल्या. आणि स्विचकडे हात नेला.

जयदेवनं सहज प्रणयकडे पाहिलं. प्रणयची नजर त्या पट्ट्यांवर खिळली होती. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि गेलं.

"थांबा!" तो जवळजवळ ओरडलाच. "पट्ट्या उलट्या बसल्यात. काळ्या वायरी मधे पाहिजेत, एकमेकींना लागून. बटण दाबलं असतं तर बोर्ड जळला असता."

उदयसिंहनं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "लय वाचवलंसा बघा. नवाकोरा बोर्ड गेला असता." त्यानं पट्ट्या काढून नीट बसवल्या.

मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली आणि दमयंतीनं टाळी वाजवली. उदयसिंह हसला, प्रणयही हसला. जयदेवला हसू येईना. आणखी क्षणभर प्रणय नुसता गप्प बसला असता, तर खुर्चीखालची पिशवी वर काढता आली असती.

"चहा टाकते, थांब," दमयंती म्हणाली.

"नको वहिनी. निघतो मी."

दमयंती स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. प्रणयनं तिला कधी वहिनी म्हटलं नव्हतं.

जयदेव त्याच्या मागोमाग जिना उतरला. खाली प्रणय पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवत होता.

"पिशवीत काय हाय रं?" जयदेवनं विचारलं.

"हे? एका गिऱ्हाइकाचं आहे. दिघ्याला पोचवायचंय."

'हाय' नाही, 'आहे' म्हणाला. दोघंच असताना प्रणय त्याच्याशी असं कधी बोलत नसे. माझाच हाय ना तो, चल वर, असं जयदेवच्या अगदी ओठांवर आलं. पण वर उदयसिंह होता, नवा बोर्ड चालू होता, आणि चल वर म्हणून आता वर नेऊन करायचं काय होतं?

"येत्या रविवारी जेवायला ये," तो म्हणाला.

"बघतो. फोन करतो."

प्रणयनं किक मारली. जयदेव सोसायटीच्या गेटपर्यंत स्कूटरबरोबर चालत गेला आणि तिथं थांबला. दिघ्याला जायचं तर डावीकडे वळायला हवं होतं. प्रणय उजवीकडे वळला, दिवाळ्याच्या रस्त्याला.