दूध तापलं की

राहात्याजवळच्या डेअरीत सुमैरानं बसवलेलं मशीन भरलेल्या दूधपिशव्यांचा आकडा भलताच फुगवून दाखवत होतं. उद्या तिची स्वतःची मंगनी होती आणि हा आकडा टेम्पोतल्या पिशव्यांशी जुळल्याशिवाय मालक तिला सोडायला तयार नव्हता.

दिवसभर डोकं आपटल्यावर तिला उमगलं. मशीनच्या मेमरीत एका आकड्याला दोन खण लागतात. तिनं दुधाचं तापमान दहाव्या खणापासून ठेवलं होतं आणि पिशव्यांचा आकडा अकराव्यापासून, म्हणजे अकराव्या खणात दोघंही नांदत होते. दूध एका अंशानं तापलं, की न भरताच अडीचशे पिशव्या वाढायच्या.

तिनं पिशव्यांना बाराव्या खणात हलवलं. आकडा टेम्पोशी तंतोतंत जुळला. स्वतःला चार शिव्या हासडून तिनं बॅग उचलली.

शिफ्ट सांभाळणारे कानिफनाथमामा गरम चहाचा ग्लास तापमानाच्या सेन्सरला टेकवून कधीचे पिशव्यांच्या आकड्याकडे बघत उभे होते. आकडा काही हलेना. त्यांचा चेहरा पडला.

 

“म्हंजी ताई, आता टार्गेट पुरं करायला पिशव्याच भराव्या लागनार व्हय?”