दोन घरांचा एमलिन

जवळ सरका, एका थडग्याची गोष्ट सांगते. फुलांच्या रविवारी आमच्या वेल्श दरीत पूर्वजांची थडगी घासून फुलांनी सजवतात. पणजोबा एमलिन प्रॉसरांच्या थडग्यावर आमच्याआधीच दरवर्षी कुणीतरी डॅफोडिलची पिवळी फुलं ठेवलेली असायची. “आपल्या चॅपलची, प्रार्थनाघराची माणसं मायाळू,” आई म्हणायची. यंदा पाद्रीबुवांचा घसा बसला, एरवी गाण्यासारखं चढत जाणारं त्यांचं प्रवचन लवकरच आटोपलं. म्हणून मी थडग्याशी लवकर पोहोचले, तर दुसऱ्या चॅपलच्या नेस्टबाई शेजारी डॅफोडिलची जुडी ठेवून दगड घासत होत्या. “अहो, हे आमचे पणजोबा!” “वा गं वा! माझे आजोबा तुझे कधीपासून? कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात या नावाचे दोघे गेले, वर मृतदेह एकाचाच आला. तो आमचा!” “आमच्याकडे उलटं सांगतात, वर आला तो आमचा!” एकाच नावाची माणसं गावात टोपणनावानं ओळखतात, पण ते दगडावर नव्हतं. दोघी खाली बसून दगडावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचू लागलो. शेवटी नेस्टबाई म्हणाल्या, “ऊठ पोरी, डोक्याकडून मी घासते, पायाकडून तू.” खाणीत राहिला तो आमचा की त्यांचा, देव जाणे, तुम्ही प्रार्थनेत त्याला आठवा.